खुकरीवरचा लेफ्टनंट

दरवर्षी ४ डिसेंबरला नौदल दिन साजरा होतो. १९७१ साली त्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला, त्याची ही आठवण. त्यानंतर पाचच दिवसांनी येणारी दुसरी तारीख मात्र आपल्याकडे फारशी कुणी काढत नाही. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात ‘आयएनएस खुकरी’ ही आपली फ्रिगेट बुडाली. तिच्यासोबत १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. स्वतंत्र भारताने युद्धात गमावलेली ही एकमेव युद्धनौका.

खुकरी म्हटले की कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांचे नाव निघते, आणि ते निघायलाच हवे. स्वतःचे लाइफ जॅकेट एका नौसैनिकाला देऊन हा कप्तान जहाजाबरोबर गेला. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. (आडनावावरून आमच्यातले काही जण त्यांना ‘आपले’ समजतात. ते काश्मिरी पंडित होते, तरी आपलेच!) पण आज मला त्याच जहाजावरच्या एका तरुण अधिकाऱ्याविषयी बोलायचे आहे. लेफ्टनंट व्ही. के. जैन. विद्युत शाखेतला, संशोधनाची ओढ असलेला हा मुलगा. तो जहाजाचा कान तीक्ष्ण करायला निघाला होता.

हा कान म्हणजे सोनार. दागिने घडवणारा सोनार नव्हे, पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनी टिपणारे यंत्र. रडारच्या लहरी समुद्राच्या पाण्यात शिरताच विरून जातात. तिथे चालतो तो फक्त आवाज. समुद्रात तो सेकंदाला साधारण १५०० मीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने. विहिरीत हाक मारावी आणि ती परत यायला किती वेळ लागला यावरून पाणी किती खोल आहे ते ओळखावे, तसेच हे. पाणबुडीवर आपटून आवाज परत आला की ती कुठे, किती अंतरावर आहे ते कळते.

ऐकायला सोपे वाटते. पण समुद्र काही शांत विहीर नाही. वरचे पाणी कोमट, खालचे थंड. जिथे तापमान बदलते तिथे आवाजाची वाट वाकते. मग पाणबुडी जवळ असूनही सोनारला दिसत नाही. शिवाय जहाजाची स्वतःची गडबड असतेच. पंखा फिरतो, पाणी कापले जाते, इंजिन घरघरते. वेग जितका जास्त तितका हा गोंगाट मोठा. घरात मिक्सर चालू असताना दारावरची टकटक ऐकू येत नाही ना, अगदी तसे.

म्हणजे पाणबुडी शोधायची तर जहाजाने हळू चालायला हवे. आणि पाणबुडीपासून वाचायचे तर वेगाने, नागमोडी पळायला हवे. दोन्ही एकाच वेळी जमत नाही. जैन यांचे सारे काम या पेचाभोवती होते. जहाजावरच्या सोनारचा पल्ला वाढवता आला तर आपणच शत्रूला आधी ऐकू, हा त्यांचा ध्यास. त्यांनी यंत्रात सुधारणा केली आणि तिची चाचणी प्रत्यक्ष युद्धात, खुकरीवर सुरू होती. त्यासाठी जहाजाची गती कमी ठेवलेली होती.

समोर होती पाकिस्तानची ‘हंगोर’. फ्रेंच बनावटीची, नवी, पाण्याखाली जवळपास निःशब्द. तिच्या रेडिओ संदेशांवरून सुगावा लागला, म्हणून खुकरी आणि ‘किरपाण’ या ब्रिटिश बनावटीच्या फ्रिगेट तिच्या शोधात मुंबईहून निघाल्या. हंगोरला त्या लांबूनच ऐकू येत होत्या. रात्री पावणेनऊच्या सुमारास तिने किरपाणवर पाणतीर सोडला. तो फुटलाच नाही. दुसरा खुकरीला लागला. काही मिनिटांत जहाज पाण्याखाली गेले. ६७ जण वाचले. त्यांत जैन नव्हते.

पुढे वाद झाला, अजून होतो. कुणी म्हणाले, त्या प्रयोगामुळे जहाज गेले. मला हे म्हणणे पटत नाही. कमी पल्ल्याचे सोनार घेऊन ही जहाजे नव्या पाणबुडीसमोर गेली, हा खरा प्रश्न होता, आणि तो प्रश्न सोडवण्यासाठीच हा लेफ्टनंट त्या जहाजावर होता. हळू चालण्याची जोखीम होती, हे मान्य. पण ती जोखीम किनाऱ्यावर बसून दुसऱ्यांच्या माथी मारलेली नव्हती. ज्याने प्रयोग मांडला तोही त्याच डेकखाली होता.

माझ्यासारख्या शब्दांवर जगणाऱ्याला एक गोष्ट सारखी खुणावते. युद्धातली शौर्यगीते बहुतेक गर्जनेची असतात. ऐकण्याचे शौर्य त्यांत सहसा येत नाही. कानाला यंत्र लावून, काळोखात, घरघरीतून एक बारीक आवाज वेगळा काढत बसायचे, आणि तो आपल्याआधी शत्रूने ऐकला असेल हेही मनात धरायचे. यावर गाणे रचणे कठीण आहे. मी प्रयत्न केला आहे, जमलेले नाही.

१९८९ मध्ये नौदलात दुसरी खुकरी आली, आपल्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली. २०२१ च्या डिसेंबरात ती निवृत्त झाली आणि पुढच्या महिन्यात दीवच्या प्रशासनाकडे सोपवली गेली. दीवला पहिल्या खुकरीचे स्मारक आहे: समुद्राकडे तोंड करून, काचेच्या पेटीत ठेवलेली जहाजाची प्रतिकृती. आणि नौदल दरवर्षी संरक्षणाच्या उपयोगी पडेल अशा संशोधनासाठी एक सुवर्णपदक देते. त्या पदकाला नाव आहे लेफ्टनंट व्ही. के. जैन यांचे.