गाळा घेण्याआधी एकदा वर पाहा

आपण कापडाचा व्यापार करणारी माणसे ताग्यातला कपडा उजेडासमोर धरून पाहतो. ताणा कुठे तुटला, बाणा कुठे सुटला, हे लगेच नजरेत येते. पण तोच माल ठेवायला गोदाम घेताना भाडे, अनामत आणि टेम्पो आत येतो की नाही एवढेच विचारतो. मान वर करून छप्पर पाहणारे थोडेच. मीही त्यांच्यातलाच होतो.

१९९४ साली भिवंडीत मी मंगलोरी कौलांचे एक गोदाम भाड्याने घेतले. मार्च महिना होता. आतून नवा रंग, जागा कोरडी ठणठणीत. जूनमध्ये पाऊस लागला. चार दिवसांनी कुलूप काढले तर ग्रे कापडाच्या अकरा गाठी ओल्या! मागावर सूत तुटू नये म्हणून ताण्याला खळ दिलेली असते. ओल लागली की त्या खळीवर बुरशी धरते आणि तिचे डाग धुलाईतही पुरते जात नाहीत. माल निम्म्या भावाने काढावा लागला.

जागामालक म्हणाले, कौले जुनी झाली. पण शाकारणीला आलेल्या वयस्कर कारागिराने एक कौल बोटाने वाजवून दाखवले. आवाज खणखणीत. "शेठ, कौलात खोट नाही. बसवणाऱ्याने खोट केली," तो म्हणाला. कौलांची एक रांग वाचवण्यासाठी रिपा लांब लांब ठोकल्या होत्या. पुष्कळ छपरे मालाच्या खोटीने नव्हे, बसवण्याच्या चुकीने गळतात आणि ही चूक ऐन उन्हाळ्यातही दिसते. त्या कारागिराकडून शिकलेल्या गोष्टी व्यापारी बांधवांच्या उपयोगी पडतील म्हणून येथे देतो.

आतून पाहताना

भर दुपारी जा. दारे-खिडक्या लावून घ्या आणि पाच मिनिटे वर पाहत राहा. जिथून आभाळ सरळ दिसते तिथून पाणी येणार. वासे आणि रिपांवर काळसर ओघळ आहेत का पाहा. सगळे छत जुने आणि एकाच कोपऱ्यात ताजा रंग असेल, तर तो रंग कशासाठी दिला हे विचारा.

कौलारू छप्पर

मंगलोरी कौलाला मागे अडकवण्याचे नाक असते, ते रिपेवर बसते. कौल साधारण १६ इंच लांब. रिपांमधले अंतर साडेबारा ते तेरा इंच ठेवले तर वरचे कौल खालच्यावर सुमारे तीन इंच चढते. अंतर जास्त झाले की ही चढण कमी होते आणि वाऱ्याबरोबर पाणी आत शिरते. अंतर कमी झाले तर कौलाचे पुढचे तोंड उचललेले राहते. वळचणीकडून आढ्याकडे नजर टाका. रांगा सरळ नसतील तर रिपांत गडबड आहे.

दुसरी चूक सरमिसळीची. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगलोरला कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर असे कारखाने पुष्कळ झाले. प्रत्येकाच्या साच्यात थोडा फरक असतो. दोन कारखान्यांची कौले शेजारी लावली तर खाच खाचेत बसत नाही. दोन लॉटचा कपडा एका पोशाखाला लावण्यासारखेच हे. कौलाच्या पाठीवर कारखान्याचे नाव उठवलेले असते, ते वाचून पाहावे.

उतारही मोजा. आडव्या दोन फुटांमागे निदान एक फूट चढ हवा. कोकणासारख्या पावसात त्याहून जास्त बरा. आढ्यावरच्या कौलांखालचा चुना-सिमेंट फुटला आहे का, दोन पाख्या मिळतात तिथली पत्र्याची पन्हळ गंजली आहे का, हेही पाहावे. छप्पर भिंतीला टेकते तो सांधा सर्वांत दगाबाज. तिथे पत्र्याची पट्टी भिंतीत खाच पाडून बसवलेली हवी. नुसता सिमेंटचा लेप एक-दोन उन्हाळ्यांत तडकतो.

पत्र्याचे छप्पर

नालीदार पत्र्याला भोक नेहमी उंचवट्यावर हवे. खोलगट भागातून पाणी वाहते. तिथे बोल्ट मारला म्हणजे गळतीला दारच उघडून दिले. प्रत्येक बोल्टाखाली वॉशर शाबूत हवा. शेजारचे पत्रे दीड नालीने एकमेकांवर यावेत आणि वरचा पत्रा खालच्यावर निदान सहा इंच. उतार कमी असेल तर त्याहून जास्त. आपल्याकडे पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो, म्हणून उभ्या सांध्याचे तोंड त्या बाजूला नसावे. डांबराची ठिगळे दिसली तर गळती जुनी आहे असे समजा.

एक ताकीद: सिमेंटच्या पत्र्यावर कधीही पाय देऊ नका. तो एकाएकी फुटतो आणि माणूस खाली जातो. बाहेरून शिडी लावून पाहावे.

पाण्याची परीक्षा

शंका असेल तर नळी लावून पाणी सोडा. सुरुवात वळचणीपासून करा आणि दहा-दहा मिनिटांनी वर सरका. एकदम आढ्यावरून सोडले तर चूक कुठली ते कळत नाही. शिवाय पाणी शिरते एकीकडे, वाशावरून वाहत जाते आणि टपकते दुसरीकडे. म्हणून आत एक माणूस उभा ठेवावा.

हे सारे अनामत देण्यापूर्वी करावे. शाकारणी कोणी करायची, खर्च कोणाचा आणि गळतीने माल बिघडला तर जबाबदारी कोणाची, हे करारात लिहून घ्यावे. माझ्या करारात यातले काहीच नव्हते. म्हणून अकरा गाठींचे नुकसान मी एकट्याने सोसले. तेव्हापासून नवी जागा पाहायला जातो तेव्हा सोबत एक जुना कारागीर असतो. त्याची एका दिवसाची मजुरी एका ताग्याच्या किमतीहून कमी आहे.