टायरच सुकाणू होतो तेव्हा

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ग्रँड लेक सेंट मेरीज नावाचं मोठं तळं आहे आणि त्याच्या काठावर सेलिना नावाचं गाव. दर वर्षी जुलैत इथे तळ्याची जत्रा भरते. तेव्हा उघड्या टपाच्या, मागे पंख काढलेल्या जुन्या धाटणीच्या गाड्या बोटी उतरवायच्या उतारापाशी रांग लावतात आणि एकेक करून सरळ पाण्यात शिरतात. नाकावर पाणी उसळतं, गाडी जराशी डुलते आणि तरंगायला लागते. चालक स्टिअरिंग फिरवतो, तशी गाडी वळते. आता गंमत अशी की या गाडीला सुकाणूच नाही! मागच्या बंपरखाली नायलॉनचे दोन प्रॉपेलर आहेत, पण त्यांचं काम नुसतं ढकलण्याचं. दिशा देतात ते पुढचे दोन टायर, रस्त्यावर धावून आलेले तेच रबरी, हवा भरलेले टायर.

ही अँफिकार ७७०. पश्चिम जर्मनीतल्या क्वांट उद्योगसमूहाने ती बनवली आणि १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनात लोकांपुढे आणली. पाण्यात ७ नॉट आणि जमिनीवर ताशी ७० मैल, म्हणून ७७०. तिचा रचनाकार हान्स ट्रिपेल. १९३०च्या दशकापासून तो पाण्यात चालणाऱ्या मोटारींच्या मागे लागला होता. एकूण ३,८७८ गाड्या तयार झाल्या आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेत गेल्या. बीच व्हाइट, रेगाटा रेड, लगून ब्लू आणि फियॉर्ड ग्रीन असे तिचे चार रंग. साठ वर्षांनंतरही त्यातल्या कितीतरी गाड्या पाण्यात उतरतात, आणि हे कसं जमतं ते समजून घ्यायचं तर टायरपासूनच सुरुवात करायला हवी.

जहाजाचं सुकाणू मागे असतं, प्रॉपेलरच्या पाठीशी. प्रॉपेलरने मागे फेकलेलं पाणी थेट त्यावर आदळतं, म्हणून त्याचा परिणाम लगेच दिसतो. अँफिकारचं ‘सुकाणू’ पुढे आहे. तिथे प्रॉपेलरचा झोत पोचत नाही. गाडी पुढे सरकते तेव्हा समोरून येणारं पाणी तिरप्या झालेल्या टायरच्या बाजूवर दाबतं आणि नाक त्या बाजूला ओढलं जातं. म्हणून वेग असेपर्यंत ती ऐकते आणि मंदावली की ढिम्म होते. धक्क्याला लावताना चालकाला हे आधीच ओळखून चालावं लागतं.

टायर तरंगायलाही मदत करतो. गाडीचं वजन सुमारे १,०५० किलो, म्हणजे रिकामी गाडी तरंगायला तेवढेच लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. बहुतेक काम गाडीचं पोलादी धड करतं. पण १३ इंची रिमवर चढवलेल्या, ६.४ इंच जाडीच्या टायरचा ढोबळ हिशेब मांडला तर एकेक टायर साधारण ३० लिटर जागा व्यापतो. चाकाचं स्वतःचं वजन त्याहून बरंच कमी असतं, म्हणजे चारही चाकं गाडीला थोडं थोडं वर उचलत असतात. पाण्याच्या दाबाने टायर चेपत कसा नाही, असं कुणी विचारेल. अर्धा मीटर खोलीवर पाणी वातावरणाच्या जेमतेम विसाव्या भागाइतका जादा दाब देतं. आतली हवा त्याच्या कित्येक पट जोराने बाहेर रेटत असते.

मला सगळ्यात आवडतो तो पाण्यातून बाहेर पडण्याचा क्षण. पाण्यात असताना मुख्य गिअर न्यूट्रलमध्ये असतो आणि प्रॉपेलरसाठी वेगळा दांडा असतो, त्यात फक्त पुढे आणि मागे. उतार जवळ आला की चालक प्रॉपेलर चालू ठेवूनच पहिला गिअर टाकतो. आता एकच इंजिन पाणीही ढकलतंय आणि मागची चाकंही फिरवतंय. पुढचे टायर उताराला टेकतात, प्रॉपेलर आणखी हातभर रेटतात, आणि मागचे टायर शेवाळलेल्या सिमेंटवर पकड घेतात. घेतली नाही, तर गाडी तिथेच घसरत बसते. सगळं त्या तळहाताएवढ्या रबरावर अवलंबून.

म्हणून या गाडीला टायर निवडणं नाजूक काम आहे. मूळ माप ६.४०-१३, त्या काळच्या आडव्या-तिडव्या धाग्यांच्या बांधणीचं. आजच्या मापांत १८५/८०-१३ हा रेडियल टायर त्याच्या जवळ जातो. बऱ्याच जणांना वाटतं, त्या काळचाच एखादा न वापरलेला टायर कुठे गोदामात मिळाला तर सोन्याहून पिवळं. मला वाटतं, त्याच्या वाटेला जाऊ नये. हवेतला ओझोन रबराच्या रेणूंच्या साखळ्या तोडतो. त्यावर उपाय म्हणून रबरात मेण मिसळतात. टायर चालत राहिला, दबत-फुगत राहिला, की ते पृष्ठभागावर येऊन पातळ थर धरतं. पडून राहिलेल्या टायरवर तो थर नीट धरत नाही आणि बाजूला बारीक भेगा पडतात. इथे त्यांतून पाणी आत शिरतं. त्या काळच्या अनेक टायरांत रेयॉनचे धागे असत, आणि रेयॉन भिजला की त्याचा जोर कमी होतो. दिसायला चकचकीत असा टायर आतून कुजलेला असू शकतो. टेनेसीतल्या चॅटनूगा शहरातल्या कोकर टायरसारख्या कंपन्या जुन्या वळणाचे टायर आजच्या रबरात नव्याने बनवतात, ही मोठीच सोय आहे.

आता बाकीचे सुटे भाग. अँफिकारचं इंजिन ब्रिटनच्या ट्रायम्फ हेराल्डचं, ११४७ सीसी, ३८ अश्वशक्तीचं, मागे बसवलेलं. याच घराण्यातलं ९४८ सीसीचं इंजिन मद्रासला बनणाऱ्या स्टँडर्ड हेराल्डमध्ये होतं. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर ती गाडी पाहिलेल्या वाचकांनी अँफिकारच्या नात्यातलंच इंजिन ऐकलेलं आहे. हेराल्ड लाखोंनी बनल्या, त्यामुळे इंजिनाचे वॉल्व्ह, बेअरिंग, गॅस्केट अजून मिळतात. पंचाईत होते ती फक्त या गाडीसाठीच बनलेल्या वस्तूंची: प्रॉपेलर चालवणारा गिअरबॉक्स, दाराची दुसरी कडी, तळाचं बूच. १९६८ च्या सुमारास अमेरिकेतले नियम कडक झाले आणि गाडीची बाजारपेठच गेली. पुढे उरलेल्या भागांचा मोठा साठा कॅलिफोर्नियातल्या एका व्यापाऱ्याने विकत घेतला. आज तरंगणाऱ्या कितीतरी गाड्या त्या एका खरेदीच्या जोरावर तरंगतात.

पण गाडीचा जीव असतो तो सगळ्यात स्वस्त भागांत, म्हणजे रबरी सीलमध्ये. दार लावल्यावर आतून दुसरी कडी ओढायची, म्हणजे दार रबरावर घट्ट दाबलं जातं. ते नजरेला तरी दिसतं. चाकाच्या आत जे घडतं ते दिसत नाही. रस्त्यावरून धावून आलेलं चाकाचं बेअरिंग तापलेलं असतं आणि त्याच्या पोकळीतली हवा प्रसरण पावलेली असते. गाडी थंड पाण्यात उतरली की ती हवा आक्रसते, आत ओढ तयार होते आणि पाणी सीलच्या कडेने आत यायला बघतं. बोटीचे ट्रेलर ओढणाऱ्यांनाही हाच त्रास होतो. ऑईल सीलची रबरी ओठासारखी कड दांड्यावर टेकलेली असते आणि तिच्याभोवती केसासारख्या तारेची गोल स्प्रिंग तिला आवळून धरते. कडेचे दोन उतार मुद्दाम वेगवेगळ्या कोनांचे ठेवलेले असतात. त्यामुळे दांडा फिरत असताना ती कड बाहेर निसटू पाहणारं तेल सतत आत ढकलत राहते. एवढ्याशा रबराच्या कडेत केवढी हुशारी! पण रबर कडक झालं किंवा दांड्यावर चर पडला की सगळं संपलं.

म्हणून ग्रीस. पोकळी ग्रीसने गच्च भरलेली असली की तिथे आक्रसायला हवाच उरत नाही. पाण्यात काही तास घालवले की तेरा ठिकाणी ग्रीस गन लावायची, असा या गाडीचा नेम आहे. त्यातल्या एका निपलपर्यंत पोचायला मागची सीट उचलून बाहेर काढावी लागते.

एवढी निगा राखली की गाडी काय करते, ते १९६५ मध्ये दोन अँफिकारनी इंग्लिश खाडी ओलांडून दाखवलं. त्या लाटांतही वळणं घेतली ती पुढच्या दोन टायरांनीच. फ्लोरिडात ऑरलँडोजवळच्या डिस्नी स्प्रिंग्जमध्ये २०१५ पासून अँफिकार पर्यटकांना तळ्यात फेरी मारून आणतात. कधीमधी जत्रेला जाणाऱ्या गाडीपेक्षा असं रोज पाण्यात जाणं जास्त कठीण. तिथे ग्रीस गन खाली ठेवायला सवड मिळत असेल असं वाटत नाही.