मेरी कोम की निखत झरीन? आधी वजन बघा!

रायपूरच्या सदर बाजारात सराफ आधी दागिना काट्यावर ठेवतो, मग भाव सांगतो. बॉक्सिंगचा वादही तसाच सोडवायचा. मेरी कोम आणि निखत झरीन, दोघी ऐन भरात असताना समोरासमोर आल्या असत्या तर?

मेरीची सहा जागतिक विजेतेपदं ४५ ते ४८ किलो गटांतली, निखतची दोन ५० आणि ५२ किलोतली. म्हणून ४८ किलोत मेरीच, यात वाद नको!

खरी चुरस ५१ किलोत. तुम्ही म्हणाल, डिसेंबर २०१९ च्या निवड चाचणीत मेरीने निखतला ९-१ असं हरवलंच की! खरंय. ही चाचणी व्हावी म्हणून निखतने थेट क्रीडामंत्र्यांना पत्र लिहिलं होतं. पण तेव्हा ती जगज्जेती नव्हती. २०२२ ची निखत वेगळी होती, शिवाय उंचीचा फायदाही तिलाच.

आमचा कौल? ५१ किलोत निखत, अगदी थोडक्यात. पटलं नाही? मग घरी खुशाल वाद घाला. फक्त मुलांना एवढं नक्की सांगा: ९-१ ने हरलेली मुलगी अडीच वर्षांत जगज्जेती झाली.