‘ढ’ ठरतो कसा?

मराठी मुलाला शाळेत मिळणारं सर्वांत छोटं विशेषण एका अक्षराचं आहे : ढ. ब्राह्मीपासून देवनागरीपर्यंत येताना बहुतेक अक्षरं पार बदलून गेली, हे एक मात्र जवळपास तसंच राहिलं. म्हणून ज्याच्यात काही केल्या फरक पडत नाही तो ‘ढ’, असं सांगतात. ही व्युत्पत्ती खरी असो वा नसो, तिच्यामागची समजूत अनेक वर्गांत आजही नांदते आहे. डोकं असतं किंवा नसतं, आणि शिक्षकानं फक्त ते ओळखायचं. गेली साठ वर्षं शिक्षणाचे अभ्यासक या समजुतीला प्रश्न विचारत आले आहेत. शिक्षकाच्या मनातला ग्रह मुलाच्या शिकण्यात उतरतो का? उतरत असेल तर किती, आणि कोणत्या वाटेनं?

सुरुवात उंदरांपासून झाली. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रोझेनथाल यांनी आपल्या विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी उंदीर दिले. काहींना सांगितलं, तुमचे उंदीर भूलभुलैयातून वाट काढण्यात तरबेज आहेत. उरलेल्यांना सांगितलं, तुमचे मंद आहेत. प्रत्यक्षात उंदीर सगळे सारखेच होते. तरीही ‘तरबेज’ उंदीर भराभर शिकले. 1963 मध्ये या कामाबद्दल लिहिताना रोझेनथाल यांनी एक शंका मांडली : शाळेतल्या मुलांचंही असंच होत असेल का? तो लेख कॅलिफोर्नियातल्या साउथ सॅन फ्रान्सिस्को इथल्या मुख्याध्यापिका लेनोर जेकबसन यांच्या वाचनात आला आणि त्यांनी रोझेनथाल यांना पत्र धाडलं. त्यातूनच पुढचा प्रयोग उभा राहिला.

1964 च्या वसंतात त्या शाळेतल्या मुलांची एक बुद्धिचाचणी झाली. चाचणी साधीच होती, पण तिला हार्वर्डचं नाव जोडून भारदस्त केलं होतं. नव्या वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक शिक्षकाला काही नावं सांगण्यात आली : चाचणीनुसार ही मुलं यंदा एकदम पुढे झेप घेतील. नावं साधारण वीस टक्के मुलांची होती, आणि ती चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली होती. वर्षअखेरीस पुन्हा चाचणी झाली. पहिलीतल्या इतर मुलांचा बुद्ध्यंक सरासरी 12 गुणांनी वाढला होता, तर नावं सांगितलेल्यांचा सुमारे 27 गुणांनी. दुसरीतही तफावत दिसली. 1968 मध्ये ‘पिग्मॅलियन इन द क्लासरूम’ हे पुस्तक आलं आणि जगभरच्या शिक्षक प्रशिक्षण वर्गांत ही गोष्ट सांगितली जाऊ लागली.

सांगताना तिचा अर्धा भाग बहुतेकदा गळतो. तिसरी ते सहावीच्या मुलांमध्ये म्हणण्यासारखा फरक पडलाच नव्हता. रॉबर्ट थॉर्नडाइक या मापनतज्ज्ञानं त्याच वर्षी दाखवून दिलं, की लहान मुलांसाठी ती चाचणीच विश्वासार्ह नव्हती. एका वर्गाचा तर्कशक्तीचा सरासरी बुद्ध्यंक 31 च्या आसपास निघाला होता, आणि तेवढा बुद्ध्यंक असलेली मुलं नेहमीच्या शाळेत बसूच शकली नसती. पुढे 1984 मध्ये स्टीफन रॉडनबुश यांनी अशा 18 प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले. शिक्षक त्या मुलांना दोन आठवड्यांहून जास्त काळ ओळखत असतील, तर बाहेरून सांगितलेल्या भाकिताचा परिणाम जवळपास शून्य होता. मुलं अजून नवखी असतील तरच तो दिसत होता.

आपल्याकडच्या शाळांनी या दोन आठवड्यांवर थांबून विचार करावा. जूनमध्ये शाळा उघडते, वर्ग नव्या बाईंकडे जातो आणि शिक्षकांच्या खोलीत जुनी माहिती नव्या कानांत पडते : अमुक हुशार आहे, तमक्याचं काही खरं नाही, त्याच्या भावालाही मीच शिकवलं. हेतू चांगला असतो, सहकाऱ्याला मदत करण्याचाच असतो. पण मन सर्वांत मऊ असण्याचे ते दिवस.

ली जसिम आणि केंट हार्बर यांनी 2005 मध्ये तोवरच्या साऱ्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा चित्र बरंच निवळलं. शिक्षकांचे अंदाज पुष्कळदा खरे ठरतात, कारण मुळात ते बरेच अचूक असतात. अंदाजामुळे मूल घडण्या-बिघडण्याचा परिणाम खरा आहे, पण सहसा लहान असतो. मात्र ज्या मुलांच्या समाजावर आधीपासून कमीपणाचा शिक्का आहे, त्यांच्या बाबतीत तो मोठा असू शकतो. या शेवटच्या वाक्याकडे पुन्हा यायचं आहे.

ग्रह मुलापर्यंत पोहोचतो तो भाषणातून क्वचितच. जेअर ब्रॉफी आणि थॉमस गुड यांनी 1970 मध्ये पहिलीच्या वर्गांत बसून नोंदी केल्या. हुशार समजल्या गेलेल्या मुलाचं उत्तर बरोबर आलं, की त्याचं कौतुक जास्त वेळा झालं. चुकलं तर प्रश्न फोडून पुन्हा विचारला गेला. मागे समजल्या गेलेल्याचं उत्तर चुकलं, की प्रश्न दुसऱ्याकडे गेला. मेरी बड रो यांनी तर घड्याळच लावलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखाद सेकंद थांबतात, आणि कमकुवत मानलेल्या मुलासाठी त्याहूनही कमी. तेच थांबणं तीन सेकंदांपर्यंत वाढवलं, तर मुलांची उत्तरं लांबतात, ‘येत नाही’ असं म्हणणं कमी होतं आणि एरवी गप्प असणारी मुलं बोलू लागतात. एका सेकंदात कोणतं मूल विचार करणार? पण दिवसभर, वर्षभर ते सेकंद साचत जातात. आपल्यासाठी इथे कुणी थांबत नाही, हे मुलाला कुणी सांगावं लागत नाही.

इथून गोष्ट मुलाच्या मनात शिरते, आणि तिथला नकाशा काढला मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी. 1925 मध्ये कॅनडातल्या मुंडेर या लहानशा गावात जन्मलेले बांडुरा ज्या शाळेत शिकले तिथे वरच्या वर्गांना दोनच शिक्षक होते. पुष्कळसं मुलांना आपलं आपणच शिकावं लागे. 1977 मध्ये त्यांनी ‘सेल्फ-एफिकसी’ ही कल्पना मांडली. साध्या मराठीत तिचा अर्थ ‘हे मला जमेल’ अशी खात्री, आणि त्यातल्या ‘हे’ या शब्दाला फार महत्त्व आहे. आत्मविश्वास सगळ्या माणसाचा असतो, ही खात्री एकेका कामाची असते. विहिरीत बेधडक सूर मारणारं पोर फळ्यासमोर थिजतं, ते यामुळेच.

ही खात्री कुठून येते? बांडुरांनी चार झरे सांगितले. स्वतः काम करून मिळालेलं यश, आपल्यासारख्या दुसऱ्याला जमताना पाहणं, विश्वासाच्या माणसाचे शब्द, आणि त्या वेळची शरीराची व मनाची अवस्था, म्हणजे धडधड, घाम, भीती. चारांत पहिला सर्वांत जोरकस. शब्दांचा झरा त्यामानानं लवकर आटतो.

बांडुरा आणि डेल शंक यांचा 1981 चा एक प्रयोग प्राथमिक शिक्षकांना विशेष आवडावा असा आहे. गणिताचा कंटाळा करणारी आणि वजाबाकीत फार मागे असलेली 40 मुलं होती, आणि 42 पानांचा वजाबाकीचा संच. रोज अर्धा तास, सात बैठका. काही मुलांना सुचवलं, आज सहा पानं करून बघ. काहींना सांगितलं, सात बैठका संपेपर्यंत सगळी 42 पानं व्हायला हवीत. काहींपुढे कसलंच लक्ष्य ठेवलं नाही. पानं तीच, हिशेबही तोच, सात सक बेचाळीस. तरी रोज सहा पानांकडे पाहणारी मुलं वजाबाकीत सर्वांच्या पुढे गेली, ‘मला जमेल’ ही त्यांची खात्री सर्वांत वाढली, आणि नंतर मोकळीक दिल्यावर हीच मुलं आपणहून वजाबाकीची उदाहरणं सोडवायला बसली. आवड आधी लागते मग जमतं, असं आपण धरून चालतो. इथे जमलं आणि मग आवड लागली.

चार वर्षांनी शंक आणि अँटोनेट हॅन्सन यांनी हातच्याच्या वजाबाकीत अडखळणाऱ्या मुलांना चित्रफिती दाखवल्या. काहींनी शिक्षकाला उदाहरणं सोडवताना पाहिलं, काहींनी आपल्याच वयाच्या मुलाला. मुलाला पाहणाऱ्यांची खात्री आणि गुण दोन्ही अधिक वाढले. गुरुजींना येणारच, त्यात काय विशेष! त्या पोराला आलं, तर मग मलाही येईल.

आणि मायेचे शब्द? त्यांचाही उलटा परिणाम होऊ शकतो. अनीता रत्तन, कॅथरीन गुड आणि कॅरल ड्वेक यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं, की गणिताची बुद्धी ठरलेलीच असते असं मानणारे शिक्षक कमी गुण मिळालेल्या विद्यार्थ्याची समजूत काढतात : सगळ्यांनाच गणित जमतं असं नाही, तुझ्या इतर गोष्टी चांगल्या आहेत. मग त्याला गृहपाठही कमी देतात. ऐकणाऱ्याला त्यातून दिलासा मिळत नाही. शिक्षकांनी आपली आशा सोडली, एवढंच त्याला कळतं आणि त्याची उमेद खचते. प्रगतिपुस्तकावरचे कितीतरी शेरे याच जातीचे असतात.

मुलांना हे सगळं किती स्वच्छ दिसतं, ते न्यूझीलंडमध्ये समोर आलं. तिथल्या मूळनिवासी माओरी मुलांची गळती फार होती. 2001 मध्ये वायकाटो विद्यापीठाच्या रसेल बिशप आणि मेरे बेरीमन यांनी ‘ते कोताहितांगा’ हा प्रकल्प सुरू केला आणि पहिली गोष्ट केली ती मुलांना विचारण्याची. नववी-दहावीतली माओरी मुलं, त्यांचे पालक, मुख्याध्यापक आणि शिक्षक, सगळ्यांना विचारलं : मुलं मागे का पडतात? शिक्षकांतल्या बहुतेकांचं बोट मुलांकडे आणि त्यांच्या घरांकडे वळलं. मुलं, पालक आणि मुख्याध्यापक म्हणाले, वर्गात शिक्षकाचं मुलांशी नातं कसं आहे, त्यावर सगळं ठरतं. मुलांचे हेच अनुभव पुढे शिक्षक प्रशिक्षणात वाचायला ठेवले गेले. आपल्याबद्दल वर्गातल्या मुलांना काय वाटतं, ते कागदावर वाचणं सोपं नसतं. अनेक शिक्षकांनी ते वाचलं आणि शिकवणं बदललं, ही मोठी गोष्ट आहे.

घराकडे बोट दाखवण्याची ही सवय भारतात जातीच्या रूपात भेटते. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या वयाच्या मुलांना कागदावरचे भूलभुलैये सोडवायला दिले. 321 मुलं वरच्या मानलेल्या जातींची, 321 खालच्या. जात कुणीच उच्चारली नाही तेव्हा दोघांच्या कामगिरीत फरक नव्हता. जिथे प्रत्येकाचं नाव, गाव, बापाचं-आज्याचं नाव आणि जात सगळ्यांदेखत वाचून दाखवली, तिथे खालच्या मानलेल्या जातींची मुलं मागे पडली. डोकं तेच होतं, हात तेच होते. रेमा हॅना आणि ली लिंडन यांच्या 2012 च्या अभ्यासात उत्तरपत्रिकांवर जात, लिंग, वय ही माहिती मुद्दाम अदलाबदल करून लिहिली होती. खालची जात लिहिलेल्या पेपरला सरासरी किंचित कमी गुण पडले. फरक लहान होता, पण ज्या मुलाच्या वाट्याला तो इयत्तेमागून इयत्ता येतो, त्याला तो लहान कसा वाटेल?

मग शिक्षकाचा ग्रह बदलायचा कसा? अमेरिकन अभ्यासक थॉमस गस्की यांनी 1986 मध्ये मांडलेलं उत्तर पुष्कळ शिबिरांची आखणी बदलायला लावणारं आहे. आधी व्याख्यानानं मत बदलेल, मग शिकवणं बदलेल, असा क्रम आपण धरतो. गस्कींच्या मते घडतं उलट : शिक्षक काहीतरी वेगळं करून पाहतो, मुलं शिकताना त्याला दिसतात, आणि मग त्याचं मत बदलतं. म्हणजे वजाबाकीच्या सहा पानांचा नियम शिक्षकालाही लागू आहे. ‘माझ्याच्यानं या मुलांचं होईल’ ही खात्री त्यालाही स्वतःच्या हातच्या यशातूनच मिळते.

मुंबईत 1995 मध्ये सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेच्या कामात याचा पुरावा सापडतो. बिहारमध्ये 2008 च्या उन्हाळ्यात सरकारी शाळांतल्याच शिक्षकांनी महिनाभराची शिबिरं घेतली आणि मागे पडलेल्या मुलांचं वाचन सुधारलं. शाळेचं वर्ष सुरू झाल्यावर नुसतं प्रशिक्षण आणि साहित्य दिलं, तेव्हा मात्र काही हललं नाही. शिक्षक तेच होते. उन्हाळ्यात त्यांना एकच काम होतं, मूल जिथे आहे तिथून त्याला पुढे नेणं. शाळेत पुन्हा अभ्यासक्रम संपवायची घाई मागे लागली. पुढे 2012-13 मध्ये हरियाणात शाळेच्याच वेळात एक तास राखून ठेवला. त्या तासाला इयत्ता बाजूला ठेवली. अक्षर ओळखणारी मुलं एका गटात, शब्द वाचणारी दुसऱ्या, परिच्छेद वाचणारी तिसऱ्या. नेहमीचे शिक्षकच शिकवत होते, आणि या वेळी हिंदी वाचन सुधारलं. या गटांवर कायमची पाटी नव्हती. ठरावीक दिवसांनी प्रत्येक मुलाला जवळ बसवून चार ओळी वाचायला द्यायच्या, आणि वाचता आल्या की त्यानं आपलं दप्तर उचलून पुढच्या गटात जाऊन बसायचं.