पोर्ग

पोर्ग ही स्टार वॉर्स या अमेरिकन चित्रपटमालिकेतील समुद्रपक्ष्यांची एक काल्पनिक प्रजाती आहे. रायन जॉन्सन दिग्दर्शित ‘स्टार वॉर्स: द लास्ट जेडाय’ (२०१७) या चित्रपटात ती प्रथम पडद्यावर आली. कथेनुसार हे पक्षी आक-टो या जलमय ग्रहावरील एका खडकाळ बेटाच्या कड्यांवर राहतात. ल्यूक स्कायवॉकर हा जेडाय योद्धा याच बेटावर अज्ञातवासात असतो. पोर्गची कल्पना अटलांटिक पफिन या खऱ्या पक्ष्यावरून सुचली असून तिचे मूळ चित्रीकरणातील एका अडचणीत आहे.

उगम

बेटावरील काही दृश्ये आयर्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यापासून सुमारे १२ कि.मी. दूर असलेल्या स्केलिग मायकल बेटावर चित्रित झाली. तेथील मध्ययुगीन ख्रिस्ती मठामुळे १९९६ साली युनेस्कोने या बेटाचा जागतिक वारसा स्थळांत समावेश केला. वसंत ऋतूत व उन्हाळ्यात हजारो पफिन तेथे विणीसाठी येतात. बेट संरक्षित असल्याने पक्ष्यांना हुसकावून लावणे शक्य नव्हते आणि संगणकाच्या साहाय्याने त्यांना प्रत्येक दृश्यातून पुसून टाकणे फार कष्टाचे होते. पक्षी काढता येत नसतील तर त्यांना कथेतच स्थान द्यावे, असा मार्ग निघाला. जेक लंट डेव्हिस या संकल्पना-चित्रकाराने त्यानुसार पोर्गचे रूप रेखाटले.

स्वरूप

पोर्गचा बांधा पफिनसारखाच ठेंगणा व गुबगुबीत असून पोट पांढरे, पाठ करडी-तपकिरी आणि पाय पडदायुक्त असतात. नर मादीपेक्षा किंचित मोठा असतो व त्याच्या डोळ्यांभोवती नारिंगी पिसे असतात. चेहऱ्याच्या बाबतीत मात्र रचनाकाराने पफिनला जवळजवळ पूर्णपणे सोडून दिले आहे. पफिनची खरी ओळख म्हणजे त्याची रंगीत, त्रिकोणी चोच. पोर्गला तशी चोचच नाही. तिच्या जागी पग जातीच्या कुत्र्यासारखे चपटे तोंड आणि सीलसारखे मोठे, काळेभोर डोळे आहेत. त्यामुळे हा प्राणी पक्ष्यापेक्षा एखाद्या पिल्लासारखा भासतो, आणि प्रेक्षकांना त्याचा लळा लागतो तो बहुधा याचमुळे. पडद्यावरील पोर्ग काही दृश्यांत यांत्रिक बाहुल्यांच्या, तर काही दृश्यांत संगणकनिर्मित चित्रांच्या साहाय्याने साकारले आहेत.

वर्तन

पोर्ग थव्याने राहतात, घरटी बांधतात आणि उडू शकतात. त्यांच्या पिल्लाला ‘पोर्गलेट’ म्हणतात. पफिनच्या पिल्लासाठी इंग्रजीत ‘पफलिंग’ असा शब्द आहे, त्याचीच ही छाया दिसते. थव्याला ‘मर्डर’ असे नाव असून इंग्रजीत तो शब्द कावळ्यांच्या थव्यासाठी वापरला जातो.

अपरिचितांविषयी भीतीपेक्षा कुतूहल अधिक, हा या पक्ष्याचा ठळक स्वभाव. च्युबाका शेकोटीवर पोर्ग भाजून खाण्याच्या बेतात असताना इतर पोर्ग त्याच्याकडे केविलवाण्या नजरेने पाहत राहतात आणि त्याला घास घेणे जड जाते. पुढे हेच पक्षी त्याच्या मिलेनियम फाल्कन या यानात घरटी करतात. पफिन मात्र उघड्यावर घरटे बांधत नाही. तो मऊ मातीत बीळ खोदून किंवा खडकांच्या फटीत एकच अंडे घालतो आणि पंखांनी पाणी मारत बुडी घेऊन मासे पकडतो.

खरा पफिन

अटलांटिक पफिन उत्तर अटलांटिक महासागरात आढळतो. भारतीय किनाऱ्यावर तो येत नाही. विणीचा काळ सोडला तर तो खुल्या समुद्रातच राहतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत २०१५ पासून त्याची नोंद ‘असुरक्षित’ प्रजाती म्हणून आहे. पिल्लांना भरवण्यासाठी लागणाऱ्या लहान माशांची टंचाई, उंदरांसारखे बाहेरून आलेले भक्षक आणि तेलगळती ही त्याच्या घटीची काही कारणे आहेत.

पोर्ग पडद्यावर येण्यापूर्वीच स्केलिग मायकलवरील चित्रीकरण वादग्रस्त ठरले होते. याच मालिकेतील ‘द फोर्स अवेकन्स’ या आधीच्या चित्रपटासाठी २०१४ च्या जुलैमध्ये, म्हणजे समुद्रपक्ष्यांच्या विणीच्या हंगामात, तेथे चित्रीकरण झाले आणि पक्षिसंवर्धकांनी त्यास आक्षेप घेतला. बेटावर उतरणाऱ्या पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा असून केवळ परवानाधारक नौकांनाच तेथे प्रवासी उतरवता येतात.