विजेचे पांघरूण आणि 'वीज खाणे'

विजेच्या उपकरणांविषयी बोलताना मराठीत 'हे यंत्र फार वीज खाते' हा प्रयोग सर्रास केला जातो. जुन्या पिढीत 'वीज जळते' असेही म्हणत. दिव्यात तेल जळते, त्या अनुभवावरून ते आलेले असावे. दोन्ही प्रयोग अर्थवाही आहेत, परंतु दोहोंतही एक उणीव आहे. किती वेळात किती, याचा बोध त्यांतून होत नाही. भाषाभ्यासकाने घरगुती वीजखर्चासारखा विषय का हाती घ्यावा, असा प्रश्न वाचकांस पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर या उणिवेतच आहे. विजेच्या पांघरुणाविषयी (बाजारात त्याला 'इलेक्ट्रिक ब्लँकेट' म्हणतात) सुशिक्षित घरांतूनही जे गैरसमज आढळतात, त्यांतील बरेचसे गणिताचे नसून शब्दांचे आहेत.

पुण्याची थंडी फार मोठी नव्हे, पण ती उपेक्षणीयही नाही. १७ जानेवारी १९३५ रोजी येथे १.७ अंश सेल्सिअस इतक्या नीचांकाची नोंद झाली होती. एरवीही डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. आपली घरे उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून बांधलेली असतात. खिडक्यांच्या फटी मोठ्या आणि फरशी गार. या दिवसांत ज्यांचे सांधे दुखतात अशी वृद्ध माणसे दोन घोंगड्या व एक दुलई घेऊन रात्र काढतात, आणि मुलाने किंवा सुनेने आणून दिलेले विजेचे पांघरूण 'बिल फार येईल' म्हणून कपाटात पडून राहते. हे भय कितपत खरे, हे पाहू.

प्रथम दोन शब्द वेगळे केले पाहिजेत. वॉट हे शक्तीचे माप, युनिट हे ऊर्जेचे. नळाची धार आणि भरलेला हंडा यांत जो भेद आहे, तोच येथे आहे. धार कितीही मोठी असली तरी ती क्षणभरच चालू राहिली तर हंडा भरत नाही. उलट बारीक धारही रात्रभर चालली तर मोरी भरून वाहते. १००० वॉटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. १०० वॉटच्या उपकरणास त्यासाठी दहा तास लागतात. 'हे ब्लँकेट ताशी ६० वॉट घेते' असे आपण ऐकतो, ते मात्र चूक आहे. वॉट या नामातच 'दर सेकंदास' हा अर्थ दडलेला आहे, त्याला पुन्हा 'ताशी' जोडणे म्हणजे 'ताशी तासाला साठ किलोमीटर' म्हणण्यासारखे होय. 'युनिट' या शब्दाचीही मौज आहे. इंग्रजीत तो नुसता 'एकक' या अर्थाचा सामान्य शब्द. ब्रिटनमध्ये किलोवॉट-तासाला 'बोर्ड ऑफ ट्रेड युनिट' म्हणत, त्याचे शेपूट तेवढे आपल्याकडे उरले आणि सामान्यनामाचे विशेषनाम झाले. शास्त्राच्या पुस्तकात 'एकक' लिहिणारा प्राध्यापकही वीजदेयक हाती येताच 'युनिटे किती झाली?' असेच विचारतो.

आता हिशेब. एका माणसाच्या बिछान्यावर चादरीखाली अंथरायचे पांघरूण (वस्तुतः ते 'अंथरूण'च म्हणावयास हवे) साधारणतः ६० वॉटच्या आसपास असते. दोघांसाठीचे त्याच्या दुपटीच्या घरात. नक्की आकडा त्याच्या पट्टीवर छापलेला असतो, तोच प्रमाण मानावा. समजा, निजण्यापूर्वी व निजल्यावर मिळून एक तास ते पूर्ण शक्तीवर ठेवले आणि पुढे सहा तास निम्म्यावर. तर ६० अधिक १८०, म्हणजे २४० वॉट-तास, अर्थात् ०.२४ युनिट झाले. तीस रात्रींचे ७.२ युनिट. आठही तास पूर्ण शक्तीवर ठेवण्याचा अतिरेक केला तरी महिन्याचे १४.४ युनिट होतात, त्याहून अधिक नाही.

याची किंमत किती? येथे देयक वाचता आले पाहिजे, आणि ते वाचणे हे एक स्वतंत्र शास्त्रच होऊन बसले आहे. 'दर युनिटचा दर' या शब्दसमूहात पहिला 'दर' म्हणजे 'प्रत्येक' व दुसरा म्हणजे 'भाव', हे परभाषकास समजावून सांगताना किती त्रास पडतो, हे मराठी शिकविणारे जाणतात. महावितरणच्या २०२४-२५ च्या घरगुती दरपत्रकात पहिल्या १०० युनिटांस ४.७१ रुपये, १०१ ते ३०० पर्यंत १०.२९ रुपये आणि ३०१ ते ५०० पर्यंत १४.५५ रुपये असा वीज आकार होता. प्रत्येक युनिटास १.१७ रुपये वहन आकार निराळा, आणि या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन आकार महिन्यागणिक बदलतो, म्हणून तो बाजूस ठेवू. स्थिर आकार तर पांघरूण असो वा नसो, द्यावाच लागतो. त्यामुळे तोही या हिशेबात येत नाही. एवंच, त्या वर्षी एका युनिटाचा प्रत्यक्ष खर्च पहिल्या टप्प्यात ६.८२, दुसऱ्यात १३.२९ व तिसऱ्यात १८.२४ रुपये पडत होता. हे दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या आदेशांनी बदलत असतात. वाचकाने आपल्या हातातील देयकावरील आकडे घालून हीच रीत वापरावी.

एकूण रकमेस एकूण युनिटांनी भागून 'आमची वीज इतक्या रुपयांची' असे पुष्कळ जण ठरवितात. ते येथे उपयोगाचे नाही. नवे उपकरण घरात आले की त्याची युनिटे वरच्या टप्प्यात जाऊन पडतात, म्हणून वरचा दर धरावा. महिन्याला दोनशे युनिट वापरणाऱ्या घरात पांघरुणाचे ७.२ युनिट ९६ रुपयांचे होतात. ऐंशी-नव्वद युनिटांत भागविणाऱ्या, म्हणजे बहुधा एकट्या राहणाऱ्या वृद्धाच्या घरात, ते ४९ रुपयांचे. थंडीचे दोन महिने धरले तरी सारा खर्च शंभर ते दोनशे रुपयांच्या आत आटोपतो.

'शंभराच्या वर गेले की सगळ्यालाच दुप्पट लागते' ही समजूत मात्र पुण्यात फार दृढ आहे, आणि पांघरूण कपाटात ठेवण्यास तीच मुख्यतः कारणीभूत होते. ती निराधार आहे. टप्पे पायऱ्यांसारखे आहेत. १०१ वे युनिट महाग पडते, परंतु आधीची शंभर युनिटे जुन्याच दराने आकारली जातात. ९८ युनिटे वापरणाऱ्या घरात ७.२ ची भर पडली तर त्यांतील दोन ६.८२ ने व उरलेली ५.२ युनिटे १३.२९ ने लागतील. एकूण वाढ सुमारे ८३ रुपयांची. 'वर गेले' या क्रियापदात सगळाच आकडा एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर गेल्याचा भास होतो, येथे दोष आहे तो त्या भासाचा.

तुलनेसाठी खोली तापविणारा हीटर घेऊ. एक हजार वॉटचा हीटर रात्री चार तास लावला तर महिन्याचे १२० युनिट होतात. ९० युनिटांच्या घरात ही भर सुमारे १५३० रुपयांची पडेल. कारण उघड आहे. हीटर खोलीतील सर्व हवा, भिंती आणि फटीतून येणारा वारा यांना तापवितो. पांघरूण शरीराला लागून असलेला पातळ थर तेवढा तापविते. झोपलेल्या माणसाचे शरीर स्वतःच सुमारे ८० वॉट उष्णता बाहेर टाकीत असते. घोंगडी ती केवळ धरून ठेवते. पांघरूण त्यात थोडी भर घालते, आणि वर तीच घोंगडी घेतली म्हणजे ही भर टिकते. न्हाणीघरातील २००० वॉटचा गीझर अर्ध्या तासात पांघरुणाच्या चार रात्रींची वीज घेतो, पण त्याविषयी तक्रार क्वचितच ऐकू येते.

याचे मूळ मला 'लाइटबिल' या शब्दात दिसते. आपण अजूनही 'लाइट गेली' म्हणतो (काही घरांत 'लाइट गेले' असेही ऐकू येते, त्या लिंगभेदाचा विचार पुन्हा कधीतरी). घरात वीज आली ती दिव्यासाठी, म्हणून दिवा ही गरज ठरली. पाणी तापविणेही चुलीवरच्या बंबाचा वारस म्हणून गरजेत बसले. उबेला मात्र विजेच्या शब्दकोशात जागा मिळाली नाही, आणि जी वस्तू नावानिशी गरजांत नाही, ती चैनीत मोजली जाते.

ज्यांना आकडेमोडीवर विश्वास नाही त्यांनी मीटरच पाहावा. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटास किती लुकलुकी, तो आकडा शेजारी छापलेला असतो. समजा तो ३२०० आहे. घरातील इतर सर्व बटणे बंद करून केवळ ६० वॉटचे पांघरूण चालू ठेवले, तर तासाला १९२, म्हणजे मिनिटाला तीनाहून किंचित अधिक लुकलुकी दिसतील. त्याहून बऱ्याच अधिक दिसल्या तर दुसरे काहीतरी चालू राहिले आहे, किंवा पट्टीवरील आकडा खरा नाही. पांघरूण घडी घालून वा ओले असता चालू करू नये. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना मंदावली आहे त्यांना चटका कळत नाही, तेव्हा त्यांच्यासाठी ते निजण्यापूर्वी अर्धा तास लावून अंथरूण तापवावे व निजताना बंद करावे. अशा वापरात रात्रीला ०.०३ युनिट लागते, आणि १३.२९ च्या दरानेही महिन्याचे सुमारे बारा रुपये होतात.