केस आणि धर्म : वस्तऱ्याविना मुंडन

या सदरात जावळ झालं, दहाव्याचं क्षौर झालं. दोन्हीकडे नाभिकाशिवाय पान हलत नाही. आजच्या मुंडनात मात्र नाभिकही नाही आणि वस्तराही नाही. त्यासाठी वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात, अंतरिक्ष पार्श्वनाथांचं जैन मंदिर असलेल्या शिरपूरला जाऊ.

जैन साधू-साध्वी डोक्याचे केस हातानं उपटतात. हा केशलोच. दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांपैकी तो एक. दोन महिन्यांनी केला तर उत्तम, तीन महिन्यांनी मध्यम, चार महिन्यांनी जघन्य, म्हणजे कनिष्ठ. चाराच्या पुढे जायचं नाही. त्या दिवशी उपवास. बोटं घसरू नयेत म्हणून गोवरीची राख लावतात आणि दाढी-मिशीसकट सगळं चिमटीनं काढतात. मिशीपाशी हात आला की पाहणाऱ्याच्याच डोळ्यांत पाणी येतं.

हा सोस कशासाठी? केस वाढले की उवा होतात, आणि विंचरताना-धुताना त्या मरतात, ती हिंसा. वस्तरा जवळ ठेवला तर तो परिग्रह. नाभिक बोलवायचा तर त्याला पैसे कोण देणार? मुनीजवळ दमडी नसते, आणि मागणं म्हणजे दैन्य. या सगळ्या वाटा बंद केल्यावर स्वतःची दहा बोटं तेवढी उरतात. देहाची ममता किती सुटली, याची परीक्षाही तिथेच होते. कधी कधी मांडव घालून, ध्वनिक्षेपक लावून हा विधी होतो. मला तो गाजावाजा खटकतो. पण श्रावकांना त्यातून वैराग्य डोळ्यांनी दिसतं, हेही खरं.

श्वेतांबरांतही लोच आहेच. पर्युषणातल्या संवत्सरीनंतर साधूच्या डोक्यावर गाईच्या अंगावरच्या लवेपेक्षा लांब केस नसावेत, असा कल्पसूत्राचा दंडक. मात्र ज्याला सोसवत नाही त्याला तिथे कात्री-वस्तऱ्याची सवलतही आहे. पहिले तीर्थंकर ऋषभदेव यांच्या मूर्तीच्या खांद्यांवर रुळणाऱ्या बटाही याच परंपरेतल्या: दीक्षेच्या वेळी बाकीच्या तीर्थंकरांनी पाच मुठींत केस उपटले, ऋषभदेवांनी इंद्राच्या विनंतीवरून चारांवर थांबवलं.

शिरपुरात पार्श्वनाथांच्या मूर्तीवरून हे दोन्ही पंथ शंभरावर वर्षं भांडत आले आहेत. पूजेचं वेळापत्रक 1905 मध्ये ठरलं, तरी वाद मिटला नाही. मूर्तीला करदोटा-कासोटा हवा की नको, डोळे बसवायचे की नाही, लेप कोणी द्यायचा? प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं. 1929 मध्ये व्यवस्थापन श्वेतांबरांकडे राहिलं. पुढे मंदिराला कुलूप लागलं आणि चार दशकं राहिलं. फेब्रुवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं लेपाचा मार्ग मोकळा झाला. त्याच्या आदल्या वर्षी दिगंबर आचार्य विद्यासागर महाराजांचा चातुर्मास इथेच झाला होता.

भांडण मूर्तीच्या कमरेच्या कापडाचं आणि डोळ्यांचं. साधूंच्या डोक्यावरच्या केसांबद्दल मात्र दोघांचं एकमत, तपशिलाचा फरक सोडला तर! मूर्ती सगळ्यांची असते, तिच्यावर हक्क सांगता येतो. लोच ज्याचा त्यालाच सोसावा लागतो, मग त्यावर दावा कोण लावणार?

पुढच्या आठवड्यात याच जिल्ह्यातल्या कारंज्याला जाऊ. तिथे जन्मलेल्या नृसिंह सरस्वतींनी काशीत संन्यास घेतला. संन्याशाच्या मुंडनात शेंडीही जाते आणि जानवंही. तो हिशेब वेगळा आहे.